बिलात लिहिलेली बक्षिशी

मागच्या उन्हाळ्यात आमच्या नातीचे प्रथम कम्युनियन झाले. सकाळच्या मिस्सानंतर घरी पाहुण्यांची वर्दळ होती. संध्याकाळी घरातल्या बायकांना चुलीपासून थोडी तरी उसंत मिळावी म्हणून आम्ही चौदा जण मुंबईतील एका हॉटेलात जेवायला गेलो. जेवण रुचकर होते. वाढणारा तरुण हसतमुख होता. नातीच्या पांढऱ्या पोषाखावर रश्श्याचा थेंब उडाला तेव्हा तिच्या आईच्याही आधी तोच ओला रुमाल घेऊन धावला. शेवटी बडीशेपेच्या बशीबरोबर बिल आले. खाद्यपदार्थांचे ९,८०० रुपये, त्याखाली 'सर्व्हिस चार्ज' म्हणून दहा टक्के, म्हणजे ९८० रुपये, आणि या दोहोंच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी ५३९ रुपये. एकूण ११,३१९ रुपये.

आमचे चिरंजीव अशा बाबतीत जागरूक. त्यांनी व्यवस्थापकाला बोलावून घेतले आणि ही रक्कम सक्तीची नाही, न्यायालयाने तसा निकाल दिला आहे, हे शांतपणे पण ठामपणे सांगितले. व्यवस्थापकाने थोडी कुरकुर केली आणि दुसरे बिल आणून दिले. ९,८०० अधिक जीएसटी ४९०, एकूण १०,२९०. एक हजार एकोणतीस रुपये वाचले! टेबलाभोवती विजयाची एक लहर उमटली. त्या भरात बशीत पन्नासाची एक नोट ठेवून आम्ही उठू लागलो.

एकटे आमचे मेहुणे तेवढे बसून राहिले. हे गृहस्थ तीस वर्षे परदेशी प्रवासी जहाजांवर स्ट्युअर्ड म्हणून राबले आहेत. त्यांनी भाच्याला एवढेच विचारले, "बाळा, ते हजार रुपये आता कुठे आहेत?"

"मामा, कायदा आपल्या बाजूने आहे," चिरंजीव म्हणाले.

"कायदा आहे रे. मी पैशाचं विचारतोय. मघाशी बिलात होते. आता कुणाच्या खिशात आहेत?"

कुणी उत्तर दिले नाही. मेहुण्यांनी त्या तरुणाला जवळ बोलावून हळूच चौकशी केली. तो म्हणाला की बिलातल्या या रकमेतून महिन्याच्या शेवटी काहीतरी मिळते. पण किती जमले आणि किती वाटले हे त्यांना कुणी सांगत नाही. मेहुण्यांनी आपल्या खिशातून पाचशेची नोट काढून त्याच्या हातात दिली. खरे सांगायचे तर त्या क्षणी आम्हांला त्यांचा थोडा रागच आला. आपली कृपणता दुसऱ्याच्या औदार्यामुळे उघडी पडली की माणसाला प्रथम राग येतो. लाज मागाहून येते.

ती लाज घरी आल्यावर आली, आणि तिच्यामागून हा प्रश्नही आला. बक्षिशी म्हणजे नेमके काय? ती दान आहे की देणे? आणि ती दुसऱ्याने परस्पर आपल्या बिलात लिहिली तर ती बक्षिशी उरते काय?

प्रथम कायद्याची बाजू पाहू. हॉटेलांनी परस्पर लावलेल्या या आकाराविषयी ग्राहकांच्या तक्रारी आपल्याकडे जुन्या आहेत. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने एप्रिल २०१७ मध्ये ही रक्कम ऐच्छिक असल्याचे मार्गदर्शक सूचना काढून स्पष्ट केले. तरीही प्रथा चालूच राहिली. मग ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अधिक कडक सूचना काढल्या: हा आकार बिलात आपोआप लावू नये; दुसरे नाव देऊनही वसूल करू नये; तो न देणाऱ्याला प्रवेश नाकारू नये; आणि तो बिलात मिळवून त्यावर जीएसटी घेऊ नये. हॉटेलमालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि त्याच महिन्यात या सूचनांना स्थगिती मिळाली. पुढे २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी प्राधिकरणाच्या सूचना योग्य ठरविल्या, सक्तीची वसुली ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचे सांगितले आणि दोन्ही अर्जदार संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये खर्चापोटी भरावयास लावले. त्यावर मालकांनी अपीलही दाखल केले. म्हणजे आमचे चिरंजीव कायद्याला धरूनच बोलत होते.

पण मालकांचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे, कारण त्यात नुसता लोभ नाही. ते सांगतात की ग्राहकाने बशीत ठेवलेले पैसे फक्त वाढणाऱ्याला मिळतात. भटारखान्यात भट्टीपुढे उभा असलेला आचारी, मोरीपाशी पहाटेपर्यंत भांडी घासणारा पोऱ्या, टेबलावर फडका मारणारा मुलगा हे ग्राहकाला दिसतच नाहीत. त्यांच्या वाट्याला त्या बशीतले काय येणार? बिलातली रक्कम मात्र सर्वांत वाटता येते. शिवाय आचारी आजारी असो वा ग्राहक चिक्कू असो, सर्वांना काही निश्चित मिळते. हा युक्तिवाद आम्हांला वजनदार वाटतो. ग्राहकाच्या लहरीवर कामगाराचे पोट सोडू नये, हे तत्त्व कोण नाकारील?

मात्र हेच तत्त्व शेवटपर्यंत नेले तर ते मालकाच्याच दारात जाऊन उभे राहते. आचाऱ्याला आणि भांडी घासणाऱ्या पोऱ्याला निश्चित मोबदला मिळायला हवा, हे मान्य. पण निश्चित मोबदल्याला आपल्या भाषेत एक साधा शब्द आहे: पगार. तो देण्यासाठी जादा पैसे लागत असतील तर ते मेन्यूवरच्या किमतीत धरावेत. आठशेचा पदार्थ आठशेऐंशीला विकावा. ग्राहक किंमत पाहून ठरवील की बसायचे की उठायचे. मालकाला तसे करावयाचे नसते, कारण किंमत वाढलेली डोळ्यांना दिसते आणि बिलाच्या तळाशी असलेली टक्केवारी जेवण पोटात गेल्यावर दिसते. पुन्हा त्या ओळीला 'सेवा' हा शब्द जोडला की अनेकांना तो सरकारचा करच वाटतो. अशा रीतीने एकाच ओळीत दोन गोष्टी झाकल्या जातात: ग्राहकापासून खरी किंमत आणि कामगारापासून त्याचा हक्क.

आपल्या मराठीने हे भेद पूर्वीच केलेले आहेत. गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार यांना सुगीला खळ्यावर धान्याचा जो ठराविक वाटा मिळे, ते बलुते. बलुते मागताना सुताराला हात जोडावे लागत नसत, कारण ते त्याच्या वर्षभराच्या कामाचे देणे होते. त्या व्यवस्थेत जातीची बेडी होती आणि तिचे गोडवे गाण्याचे काही कारण नाही. पण देणे आणि दान यांतली रेषा तिला ठाऊक होती. दिवाळीला टपालवाला किंवा रखवालदार मागतो ती पोस्त. तिच्यात प्रथेचा थोडा दाब असतो, पण रक्कम आपण ठरवितो. आणि बक्षीस म्हणजे जे प्रसन्न होऊन दिले जाते, जे मागण्याचा कुणाला अधिकार नसतो, आणि म्हणूनच जे मिळाल्यावर घेणाऱ्याचा चेहरा उजळतो. बलुत्याला बक्षीस म्हटले तर कारागिराचा अपमान होतो. बक्षिसाला बलुते म्हटले तर देणाऱ्याचा आनंद जातो. बिलातली सक्तीची बक्षिशी एकाच वेळी हे दोन्ही करते.

ही गल्लत माणसाला कोठवर नेते याचा धडा अमेरिकेच्या इतिहासात आहे. तेथील यादवी युद्धानंतर जॉर्ज पुलमन यांच्या कंपनीने रेल्वेच्या शयनगाड्यांवर नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना हमाल-सेवक म्हणून घेतले. पगार तुटपुंजा ठेवला. उरलेले पोट प्रवाशांच्या बक्षिशीवर. प्रवासी त्या प्रत्येकाला मालकाच्याच नावाने 'जॉर्ज' म्हणून हाक मारीत, जणू त्याला स्वतःचे नावच नाही. या माणसांनी १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली आपली संघटना बांधली आणि बारा वर्षे झगडून १९३७ साली कंपनीशी करार केला. त्यांना जगण्यापुरता पगार आणि माणसाला झेपतील एवढे कामाचे तास हवे होते. बक्षिशीवर जगणारा माणूस बक्षिशीसाठी भांडत नाही, पगारासाठी भांडतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हसू विकून पोट भरावे लागणे म्हणजे काय, हे त्यालाच कळते.

तरीही तो देश त्या सवयीतून सुटला नाही. बक्षिशी मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतः द्यावयाचे किमान वेतन अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंट इतकेच ठेवले आहे. बक्षिशी धरून सर्वसाधारण किमान वेतन भरले नाही तरच उरलेले मालकाने भरावयाचे. काही राज्यांनी अधिक वेतन ठरविले आहे, हे खरे. तिथे सहा-आठ माणसांचा घोळका जेवायला आला तर अठरा टक्के किंवा त्याहून अधिक बक्षिशी बिलात आपोआप लावण्याची प्रथा अनेक हॉटेलांत आहे. २०१२ साली तेथील आयकर खात्यापुढे नेमका आपलाच प्रश्न उभा राहिला: हिला बक्षिशी म्हणावे की नाही? खात्याचे उत्तर असे की द्यायचे की नाही आणि किती द्यायचे हे ग्राहकाने बिनासक्तीने ठरविलेले नसेल तर ती बक्षिशी नव्हे. ती मालकाची वसुली आहे, आणि कामगाराला वाटली तर त्याचे वेतन आहे. जानेवारी २०१४ पासून हा नियम काटेकोरपणे लागू झाला. तत्त्वज्ञांनी जे सांगायचे ते कर गोळा करणाऱ्यांनी सांगितले.

इतर देशांनी वाट काढलेली आहे. फ्रान्समध्ये १९८७ पासून मेन्यूवरच्या किमतीतच सेवेचा मोबदला धरलेला असावा, असा नियम आहे. त्याउपर कुणी चार नाणी ठेवली तर ती निव्वळ खुशी. ब्रिटनने १ ऑक्टोबर २०२४ पासून असा कायदा लागू केला की बक्षिशी असो वा बिलातला आकार, मालकाने त्यातला एक पेनीही कापून न घेता सर्व रक्कम कामगारांत न्याय्य रीतीने वाटली पाहिजे. एकाने किंमत स्वच्छ केली, दुसऱ्याने वाटणी स्वच्छ केली.

येथे आपल्याला शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला आठवल्यावाचून राहत नाही. पहाटे आलेल्या मजुरांना मालकाने ठरलेला दीनार दिला, आणि दिवस मावळताना आलेल्यांनाही तेवढाच दिला. या दाखल्यावर आपण अनेक प्रवचने ऐकलेली आहेत. आम्हांला त्यातल्या दोन साध्या गोष्टी येथे दाखवावयाच्या आहेत. पहिली ही की औदार्य करताना मालकाने ठरलेली मजुरीही पूर्ण चुकती केली. पहिल्यांचा दीनार कापून त्याने शेवटच्यांवर मेहेरबानी केली नाही. आणि दुसरी ही की त्याचे औदार्य त्याच्या स्वतःच्या पैशाचे होते. न्याय आधी, दया नंतर. आणि दया आपल्या खिशातून. हॉटेलचा मालक आपल्या कामगारांच्या कल्याणासाठी आमच्या बिलात दहा टक्के लिहितो तेव्हा तो आमच्या पैशाने उदार होतो. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकातून जगाला बजावले होते की मालक आणि मजूर यांनी राजीखुशीने करार केला एवढ्यानेच मजुरी न्याय्य ठरत नाही. तीत काटकसरी आणि सचोटीच्या कामगाराचा चरितार्थ चालला पाहिजे. हे ओझे ज्याने कामाला ठेवले त्याचे आहे. ते त्याने ग्राहकाच्या पाठीवर सरकवू नये.

येथवर आल्यावर वाचकांना वाटेल की आम्ही चिरंजीवांचीच बाजू घेतली. कायद्याच्या आणि तत्त्वाच्या बाबतीत घेतलीच आहे. पण मेहुण्यांच्या प्रश्नाचे उत्तर अजून बाकी आहे.

त्यांनी नंतर एकदा जहाजावरची हकिगत सांगितली. तेथे प्रवाशाच्या खात्यावर दर माणशी रोज ठराविक डॉलर बक्षिशी म्हणून आपोआप लागत. प्रवास संपण्याच्या आदल्या संध्याकाळी काही प्रवासी काउंटरपाशी रांग लावून ती रक्कम काढून टाकण्यास सांगत. त्यांचा तो हक्क होता. केबिन झाडणारी, चादरी बदलणारी, पहाटे चहा आणून देणारी आमची गोव्याची आणि वसईची मुले ती रांग लांबून पाहत असत. "त्यातले काही जण खाली येऊन आमच्या हातात पाकीट देत, काढलेल्याहून जास्त," मेहुणे म्हणाले. "आणि काही जण तत्त्वाचं बोलत. तत्त्वाचं बोलणारे पाकीट देत नसत."

हे शेवटचे वाक्य आम्हांला बोचले, कारण त्या दिवशी आम्ही तत्त्वाचेच बोलत होतो. अन्यायाची रीत मोडणे योग्य आहे; पण ती मोडताना तिच्या मोडतोडीचा खर्च कुणावर पडतो हे पाहिले पाहिजे. मालक चुकला म्हणून आम्ही हजार रुपये काढून घेतले. त्या हजारातून त्या तरुणाला जे काही मिळायचे होते तेही त्यासोबत गेले. मालकाचे काहीच बिघडले नाही. आम्ही मालकाशी भांडलो आणि दंड वाढप्याला झाला. सक्ती उठली की स्वातंत्र्य येते, आणि स्वातंत्र्य आले की सगळी जबाबदारी आपल्या हातावर येऊन पडते. बिलातली ओळ खोडल्यावर ग्राहकाचे काम संपत नाही. ते तेथे सुरू होते.

आणि मग दिवा स्वतःकडे फिरवावा लागतो. मालक पगार आणि बक्षिशी यांची गल्लत करतो, असे आम्ही म्हटले. आपण घरी काय करतो? घरकामाला येणाऱ्या बाईचा पगार तीन-तीन वर्षे तोच राहतो; नाताळला मात्र आपण तिला साडी, करंज्यांचा डबा आणि वर शंभराच्या दोन नोटा देतो आणि आपल्या मनाचा मोठेपणा आपल्यालाच सुखावतो. तिने पगार वाढवून मागितला तर "नाताळला आम्ही काय कमी देतो का?" असे आपण म्हणून जातो. हाही सर्व्हिस चार्जच आहे, उलट्या दिशेचा. जे तिचे देणे होते ते आपण दान म्हणून दिले आणि वर कृतज्ञतेची अपेक्षा ठेवली. लग्नाच्या हॉलवर केटररशी ताटामागे दहा-वीस रुपयांची घासाघीस करताना ते रुपये अखेर कोणत्या वाढप्याच्या रोजातून निघतात, याची चौकशी आपल्यापैकी किती जण करतात?

न्याय आणि दया या दोघी बहिणी आहेत, पण एकीचे काम दुसरी करू लागली की घर बिघडते. न्यायाच्या जागी दया आली की घेणारा मिंधा होतो. दयेच्या जागी सक्ती आली की देणारा कोरडा होतो. दोघींना आपापल्या जागी ठेवणे हेच शहाणपण. ज्याचे जे देणे आहे ते पूर्ण, वेळेवर आणि उपकाराची भाषा न वापरता द्यावे. त्यानंतर हात मोकळा करून जे द्यावेसे वाटेल ते द्यावे, आणि त्याचा हिशोब ठेवू नये.

आमच्या घरात या प्रसंगानंतर दोन लहान बदल झाले. चिरंजीव अजूनही बिलातली ती ओळ काढायला लावतात. त्यात त्यांनी तडजोड केलेली नाही, आणि करावी असे आम्हांलाही वाटत नाही. पण आता ते बिल येण्यापूर्वीच एक पाकीट तयार ठेवतात, वाढणाऱ्याच्या हातात ते स्वतः देतात आणि "आत भटारखान्यातल्यांनाही यातलं द्या हं, दादा," असे सांगतात. पाकिटात काढलेल्या रकमेहून कमी असू नये, असा नियम त्यांच्या मामांनी घालून दिला आहे.

दुसरा बदल आमच्या सौभाग्यवतींनी केला. घरकामाच्या बाईंचा पगार त्यांनी पहिल्या तारखेपासून वाढवला. त्या बाईंनी आश्चर्याने विचारले, "बाई, नाताळ तर अजून लांब आहे ना?" त्यावर त्या म्हणाल्या, "नाताळचं नाताळला. हे तुमचं आहे."